अर्भकाचे दूध ओकणे व दुग्ध-असात्म्यता : उपशयानुपशयाच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रास्ताविक

चिकित्सालयात आणल्या जाणाऱ्या दोन ते सहा महिन्यांच्या अर्भकांमध्ये 'बाळ दूध टाकते' ही तक्रार आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. कोणी बाळ पाजल्यावर गुळणी काढते, कोणी तासाभराने फाटलेले दूध ओकते, कोणी पिता पिता स्तन सोडून मागे कमान करून रडते. घरातील वडीलधारी मंडळी 'दूध बाधले' म्हणतात, कोणी दृष्ट काढतात, आणि आपल्याकडे येईपर्यंत बहुधा एकदोन थेंबांची औषधे व एखाद्या दुधाचा बदल होऊन गेलेला असतो. अशा बालकास बालरोगतज्ज्ञ 'रिफ्लक्स' असे निदान देतात. आपण ऊर्ध्वग अम्लपित्त, छर्दी किंवा स्तन्यदुष्टी असा विचार करतो. यांपैकी काही बालकांत मूळ कारण गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी हे असते आणि ते ओळखले न गेल्यास अम्लशामक औषधे महिनोन्‌महिने चालू राहतात, वजन मात्र वाढत नाही. याउलट, ॲलर्जी नसताना केवळ शंकेवरून मातेचा आहार तोडला जातो किंवा स्तनपानच बंद होते. हे दोन्ही प्रमाद टाळता यावेत यासाठी या विषयाची शास्त्रीय मांडणी येथे करीत आहोत.

प्राकृत ओकणे व व्याधी यांतील भेद

आमाशयातील अन्न अन्ननलिकेत परत येणे ही क्रिया अर्भकात काही मर्यादेपर्यंत प्राकृतच आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायुवलय मधून मधून शिथिल होतो, आहार पूर्णतः द्रव असतो, शरीराच्या मानाने त्याची मात्रा मोठी असते आणि बाळ बहुतेक वेळ आडवे असते. यामुळे पहिल्या काही आठवड्यांत सुरू झालेले ओकणे चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असते. त्या वयात निम्म्याहून अधिक बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. बसणे, उभे राहणे व घन आहार सुरू होताच ते ओसरते आणि वर्षाच्या आत दहापैकी नऊ बाळांत थांबते. असे बाळ ओकूनही हसतमुख असते, भुकेने पिते आणि पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी २५ ते ३० ग्रॅम वजन घेते. त्याला औषधाची आवश्यकता नाही, मातेला मात्र आश्वासनाची आहे.

व्याधी केव्हा म्हणावा? वजन वाढत नाही, बाळ पिण्यास नकार देते, पिताना वा प्याल्यावर तीव्र रडते, वारंवार खोकला वा घरघर होते, ओकारीत रक्ताचा अंश दिसतो, अशा वेळी प्राकृत ओकणे व्याधीत परिवर्तित झाले असे समजावे. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायाचे महत्त्व येथे कळते. बोलता न येणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या चेष्टांवरून ओळखण्याचा तो अध्याय आहे. स्तन सोडणे, रडणे, उताणे होऊन अंग ताणणे, उदराची स्तब्धता, मुखावर स्वेद ही शूलाची लक्षणे आणि कारणाविना वारंवार येणारे उद्गार ही छर्दीची सूचना तेथे सांगितली आहे. आजच्या बाह्यरुग्ण विभागातही हीच निरीक्षणे उपयोगी पडतात.

दुधाचा संबंध कसा येतो

गोदुग्धात केसीन व मठ्ठ्यातील प्रथिने असे दोन गट असतात. मठ्ठ्याच्या गटातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन मानवी स्तन्यात स्वभावतः नसते. ते माता जे दूध, दही, ताक सेवन करते त्यातून अत्यल्प प्रमाणात स्तन्यात उतरते. काही अर्भकांची प्रतिकारयंत्रणा या प्रथिनांना परके मानून प्रतिक्रिया देते.

ही प्रतिक्रिया दोन प्रकारची असते. पहिली त्वरित : सेवनानंतर काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत अंगावर गांधी, ओठ-पापण्यांना सूज, ओकारी, क्वचित श्वासावरोध. हिच्यात आय-जी-ई नावाच्या प्रतिपिंडांचा संबंध असतो. दुसरी विलंबित : काही तासांनी, दोन-तीन दिवसांनी, कधी आठवडाभरानेही प्रकट होणारी. ओकारी, पोटदुखी, सकफ वा सरक्त मल, मलावरोध, त्वचेवर पामासदृश पुरळ अशी तिची लक्षणे असतात. रिफ्लक्सचे रूप घेऊन येते ती बहुधा ही विलंबित प्रतिक्रिया होय. आमाशय व आंत्राच्या श्लेष्मल त्वचेत क्षोभ होतो, आमाशयाची गती अनियमित होते, ते रिकामे होण्यास विलंब लागतो आणि साठलेले दूध वर येते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर आमाशयात आम व क्लेद संचित होऊन वाताची अनुलोम गती विपरीत होते. अम्ल हे येथे कार्य आहे, कारण नव्हे. म्हणून केवळ अम्लशमन केल्याने अशा बालकास उपशय मिळत नाही.

१९९६ साली इटलीतील पालेर्मो येथील अभ्यासात रिफ्लक्स असलेल्या एक वर्षाच्या आतील २०४ अर्भकांची तपासणी झाली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के बालकांत दुग्ध-ॲलर्जीचा संबंध आढळला. हा आकडा तज्ज्ञांकडे पाठविलेल्या बालकांचा आहे हे ध्यानात ठेवावे. सर्वसाधारण अर्भकांत या ॲलर्जीचे प्रमाण शेकडा दोन-तीनच्या वर मानले जात नाही आणि केवळ स्तनपानावरील बाळांत ते त्याहूनही अल्प असते. युरोप व उत्तर अमेरिकेतील बालपचनतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त मार्गदर्शनातही क्रम असाच आहे : प्रथम पाजण्याच्या पद्धतीत सुधारणा, त्याने न भागल्यास दोन ते चार आठवडे दुग्धप्रथिनवर्ज्य आहाराचा प्रयोग, आणि अम्लशामक औषधांचा विचार त्यानंतर.

ग्रंथोक्त विचार

बालकाचे क्षीराद, क्षीरान्नाद व अन्नाद असे वर्गीकरण सुश्रुताचार्यांनी केले आणि क्षीरादाच्या व्याधीत मातेच्या चिकित्सेला स्थान दिले. मातेच्या आहारविहाराचा परिणाम स्तन्याद्वारे बालकावर होतो हे तत्त्व त्यामागे आहे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात क्षीरदोषांचे आठ प्रकार वर्णिले आहेत. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात क्षीरालसक हा व्याधी आहे. त्यात आमगंधी, फेसाळ, विच्छिन्न, नानावर्णी मल, छर्दी, शुष्क उद्गार, जृंभा, अंगविक्षेप, कण्हणे, तसेच नाक, डोळे व मुख यांचा पाक अशी अनेक स्थानांतील लक्षणे एकत्र सांगितली आहेत. पचनसंस्थेसह अन्यत्रही लक्षणे दिसणे हे दुग्ध-ॲलर्जीचेही वैशिष्ट्य असल्याने हे साम्य लक्षणीय वाटते. तथापि क्षीरालसक म्हणजेच दुग्ध-ॲलर्जी असे समीकरण मांडणे उचित नव्हे. क्षीरालसकाच्या वर्णनात ज्वरासह तीव्र व्याधीचेही चित्र आहे आणि आंत्रातील जंतुसंसर्गही त्यात बसू शकतो.

अम्लपित्ताचे स्वतंत्र वर्णन काश्यपसंहितेच्या खिलस्थानात व माधवनिदानात मिळते. परंतु तेथील हेतू पाहिले असता विरुद्धाशन, अध्यशन, विदाही अन्न हे मोठ्या माणसाचे हेतू आहेत. केवळ दुधावरील बालकास ते लावताना 'याच्या संदर्भात असात्म्य काय?' हा प्रश्न प्रथम विचारावा.

येथेच आपणा वैद्यांची एक अडचण आहे. दूध हे जन्मापासून सात्म्य, जीवनीय व ओजस्कर मानले गेले असल्याने त्याच्यावर शंका घेण्यास आपले मन तयार होत नाही. परंतु सात्म्य हे पुरुषसापेक्ष असते हेही आपल्याच शास्त्राने सांगितले आहे. सर्वांना हितकर द्रव्य एखाद्यास असात्म्य असू शकते आणि त्यात द्रव्याची निंदा नाही.

उपशयानुपशय हीच निर्णायक परीक्षा

विलंबित प्रकारच्या ॲलर्जीचे निदान करणारी रक्तचाचणी उपलब्ध नाही. आय-जी-ई व त्वचेवरील टोचणी-चाचणी त्वरित प्रकारात साहाय्यक ठरतात, विलंबित प्रकारात त्या बहुधा नकारात्मक येतात. आय-जी-जी प्रतिपिंडांच्या खर्चिक चाचण्यांना निदानमूल्य नाही. अशा परिस्थितीत आधुनिक वैद्यकाने जी पद्धत प्रमाण मानली ती अशी : संशयित द्रव्य दोन ते चार आठवडे पूर्ण वर्ज्य करावे, लक्षणे शमतात का पाहावे, आणि शमल्यास ते द्रव्य पुन्हा देऊन लक्षणे परततात का पाहावे. लक्षणे अस्पष्ट असलेल्या व्याधीची परीक्षा उपशय व अनुपशय यांनी करावी, हा चरकोक्त विमानस्थानातील आदेश याहून वेगळा नाही.

यातील दुसरा टप्पा, म्हणजे पुन्हा देऊन पाहणे, बहुतेक ठिकाणी गाळला जातो. बाळाला बरे वाटले, आता कशाला विषाची परीक्षा, असे मातापिता म्हणतात व आपणही मान्य करतो. परंतु चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर ओकणे स्वभावतःच कमी होत असते. त्यामुळे केवळ वर्ज्य केल्यावर आलेला आराम हा पुरावा नव्हे. अनुपशय पाहिल्याखेरीज निदान पूर्ण होत नाही. मात्र ज्या बालकास पूर्वी गांधी, सूज, श्वासकष्ट झाले असतील, किंवा दूध दिल्यावर एक ते चार तासांत वारंवार ओकाऱ्या होऊन बाळ पांढरे पडून मलूल झाले असेल, त्याच्यात ही परीक्षा रुग्णालयातच व्हावी. ती घरी करण्याचा सल्ला कदापि देऊ नये.

दोन उदाहरणे

आमच्या चिकित्सालयातील दोन बालकांची हकीगत येथे उपयोगी ठरेल. पहिले बालक साडेतीन महिन्यांचे. अंगावरच्या दुधासोबत दोन महिन्यांपासून गाईचे दूध सुरू होते. ओकणे, कमान करून रडणे, गालांवर ओलसर पुरळ, मलात कफ व मधून रक्ताची रेघ, आणि महिनाभर वजन जागच्या जागी. अम्लशामक थेंब पाच आठवडे चालू होते. मध्यंतरी गाईचे दूध बदलून शेळीचे देण्यात आले होते, तरीही फरक नव्हता. बालरोगतज्ज्ञांच्या सहकार्याने वरचे दूध पूर्ण थांबविले, स्तनपान वाढविले, मातेच्या आहारातून सर्व दुग्धजन्य पदार्थ काढले. दहाव्या दिवसापासून ओकणे उणावले, तिसऱ्या आठवड्यात मल स्वच्छ झाला, वजन वाढू लागले. त्यानंतर मातेने ठरवून रोज दूध घेतले असता तिसऱ्या दिवशी लक्षणे परतली. निदान निश्चित झाले.

दुसरे बालक दोन महिन्यांचे, केवळ स्तनपानावर. दिवसातून सहा-सात वेळा ओकत असे, पण महिन्याला ९०० ग्रॅम वजन वाढत होते, त्वचा व मल प्राकृत होते. कोणाच्या तरी सल्ल्याने मातेने सहा आठवडे दूध, डाळी, फळे, बहुतेक भाज्या सोडल्या होत्या. बाळंतीण भात-मेतकुटावर राहून कृश झाली होती. आम्ही तिचा आहार पूर्ववत केला, दर तासाला पाजणे थांबवून योग्य अंतर ठेवण्यास सांगितले, पाजल्यावर उभे धरण्याची सवय लावली. दूध सुरू करूनही ओकणे वाढले नाही. दहाव्या महिन्यात ते आपोआप थांबले. या बालकास ॲलर्जी नव्हती आणि रुग्ण झाली होती ती माता.

चिकित्साक्रम

१. प्रथम धोक्याची लक्षणे वगळावीत. हिरवी पित्तयुक्त ओकारी, तीन ते सहा आठवड्यांच्या वयात सुरू झालेली जोरदार फवाऱ्यासारखी ओकारी, रक्ताची ओकारी, ज्वर, टाळू फुगणे, उदराध्मान, मलूलपणा, मूत्राल्पता, किंवा सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झालेले ओकणे, यांपैकी काहीही असल्यास बालकास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. आंत्राचा पीळ वा जठरद्वाराचा संकोच यांत तासांचे महत्त्व असते.

२. पाजण्याची पद्धत सुधारावी. स्तन तोंडात नीट धरला जातो का ते पाहावे, अतिमात्रा टाळावी, पाजल्यावर २० ते ३० मिनिटे उभे धरावे. झोपविताना मात्र बाळ पाठीवरच झोपवावे. ओकते म्हणून पालथे झोपविणे धोकादायक आहे.

३. दोन आठवड्यांत फरक नसल्यास आणि त्वचा, मल, वजन किंवा कुलवृत्त यांपैकी काही पोषक असल्यास दुग्धवर्ज्य प्रयोग करावा. स्तनपान कोणत्याही परिस्थितीत थांबवू नये, पथ्य मातेने पाळावे. दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा, पेढे, चहातील दूध, तसेच दूध पावडर असलेली बिस्किटे व पाव वर्ज्य. तुपात प्रथिनांचा अंश राहू शकतो म्हणून प्रयोगकाळात तेही टाळावे. आळिवाची खीर नारळाच्या दुधात व गुळात करावी, डिंकाच्या लाडवांऐवजी तीळ-खोबऱ्याचे लाडू द्यावेत, शतावरी कल्प पाण्यातून घ्यावा.

४. मातेचे पोषण सांभाळावे. स्तनदा मातेस रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तीळ, राजगिरा, शेवग्याची पाने यांचीही जोड द्यावी व आवश्यक तेथे कॅल्शियम स्वतंत्र द्यावे.

५. औषधयोजना मातेस प्रधान असावी. चरकोक्त स्तन्यशोधन गणातील मुस्ता, गुडूची, सारिवा, शुंठी, पाठा आदी द्रव्यांचा क्वाथ प्रकृती व अग्नी पाहून योजावा. मात्र प्रयोगाच्या चार आठवड्यांत नवे औषध सुरू करू नये, अन्यथा आराम पथ्याने की औषधाने हे कळणार नाही. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर विकार संभवतो. मधाच्या अनुपानाचे सर्व कल्प या वयात टाळावेत हे ओघाने आलेच.

६. गुटीची चौकशी अवश्य करावी. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी कित्येक घरांत गाईच्या दुधातून देतात. पथ्य काटेकोर पाळूनही लक्षणे राहिली की कारण तेथे सापडते. गुटीतील जायफळाने बाळ गुंगून झोपते व रडणे थांबल्याने व्याधी बरा झाल्याचा भास होतो. प्रयोगकाळात गुटी बंद असावी.

शेळीच्या दुधाविषयी

हा विषय स्वतंत्रपणे मांडणे अगत्याचे आहे. स्तन्याभावी शेळीचे किंवा गाईचे दूध द्यावे असे वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे आणि चरकाने अजाक्षीरास सात्म्यकर म्हटले आहे. त्यावरून गाईचे दूध न सोसणाऱ्या बालकास शेळीचे देण्याची प्रथा पडली. परंतु गाय, शेळी, म्हैस यांच्या दुधातील प्रथिनांत इतके साधर्म्य आहे की गोदुग्धाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊ बालकांना शेळीचे दूधही बाधते. शिवाय शेळीच्या दुधात फोलिक आम्ल अत्यल्प असल्याने केवळ त्यावर वाढविलेल्या बालकास पांडू होतो. ग्रंथोक्त विधान स्तन्याच्या अभावासंबंधी आहे, असात्म्यतेसंबंधी नाही. म्हणून येथे शेळीचे दूध सुचविणे शास्त्राला धरून होत नाही.

औषधविक्रेता बंधूंसाठी

मातापिता पुष्कळदा प्रथम आपल्या दुकानाची पायरी चढतात. पुढील गोष्टी ध्यानात असाव्यात.

'लॅक्टोज-फ्री' दूध पावडर ही शर्करा न पचणाऱ्यांसाठी असते. तीत दुधाची प्रथिने असतातच, म्हणून ॲलर्जीत ती निरुपयोगी आहे. ओकणे थांबविण्यासाठी दाट केलेली पावडरही बहुधा गोदुग्धाचीच असते. ॲलर्जीसाठीची पावडर म्हणजे प्रथिनांचे पूर्ण विघटन केलेली किंवा अमिनो आम्लांची होय. ती महाग असते व बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरच द्यावी. सोया प्रथिनांची अर्भक-पावडर हा काही बालकांत पर्याय असतो, पण तोही वैद्यकीय सल्ल्यानेच. बाजारातील सोया पेय वा बदामाचे दूध अर्भकाचा आहार नव्हे.

पोटदुखीचे थेंब देताना घटक वाचावेत. सहा महिन्यांखालील बालकास डायसायक्लोमिन निषिद्ध आहे. रॅनिटिडीन २०२२ साली भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीतून वगळले गेले आहे. जुन्या चिठ्ठीवर ते पुन्हा पुन्हा देऊ नये. तसेच शिशु दुग्ध पर्यायांविषयीचा १९९२ चा कायदा, जो २००३ साली अधिक कडक करण्यात आला, त्यानुसार अशा पावडरींची जाहिरात, मोफत नमुने व प्रलोभने यांना बंदी आहे हे आपण जाणताच.

उपसंहार

निदान निश्चित झालेल्या बालकातही पथ्य आजन्म नसते. किमान सहा महिने, किंवा नऊ ते बारा महिन्यांच्या वयापर्यंत पथ्य पाळून तज्ज्ञांच्या सल्ल्याने पुन्हा परीक्षा करावी. प्रारंभ बिस्किटासारख्या भाजलेल्या पदार्थातील अल्प दुधाने करतात. विलंबित प्रकारात बहुसंख्य बालकांना तिसऱ्या वर्षापर्यंत दूध सोसू लागते. तेव्हा पथ्याची तारीख जशी नोंदवितो तशी ते सोडण्याची तारीखही पत्रिकेवर लिहून द्यावी.

सारांश, ओकणारे प्रत्येक बाळ रुग्ण नसते आणि रुग्ण असलेल्या प्रत्येकास दूध कारण नसते. परंतु जेथे ते कारण असते तेथे ते शोधल्याखेरीज गुण येत नाही. त्यासाठी वजनकाटा, वेदनाध्यायातील निरीक्षण आणि संयमाने केलेली उपशयानुपशय परीक्षा एवढी सामग्री प्रत्येक चिकित्सालयात उपलब्ध आहे. व्यवसायबंधूंनी आपल्याकडील अशा बालकांची वजनासह नोंद ठेवावी व पुनर्परीक्षेचा परिणामही त्यात लिहावा, ही विनंती.